लेकाच्या गळ्यावर मधोमध गाठ, कुणाच्या मुलांना झालीय का? (थायरोग्लॉसल सिस्ट)

सईओमची_आई | ११ जून, रात्री ११:५०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही कराडजवळ राहतो. धाकटा साडेचार वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात सर्दी-ताप झाला, ताप उतरला आणि अंघोळ घालताना माझ्या हाताला हनुवटीच्या खाली, गळ्याच्या अगदी मधोमध गाठ लागली. आधी बोराएवढी होती, दुखत नव्हती. चार दिवसांत आवळ्याएवढी झालीय, वर लाल झालीय आणि हात लावू देत नाही. इथल्या एका डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले गळू आहे, उद्या चिरून पू काढून टाकू, दहा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाले की ही जन्मजात गाठ वाटतेय, थायरोग्लॉसल सिस्ट, चिरू नका, आधी सोनोग्राफी करा. आता उद्या सकाळी कुणाकडे जायचं हेच ठरत नाहीये. सासूबाई म्हणतात आवाळू आहे, बिब्बा घाल, बसेल. आणि दुपारपासून घरात एकच विषय चाललाय की दिवस असताना मी ग्रहण पाळलं नव्हतं. मी तेव्हा नोकरीला जात होते, ग्रहणाच्या दिवशी भाजी चिरली होती हे खरंय. मला झोप लागत नाहीये. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

वारणाकाठ | १२ जून, सकाळी ६:१५

ताई, चिरायला जाऊ नका. आधी हे वाचा मग बाकीचं.

माझ्या मुलीला अगदी हेच होतं, तीन वर्षांची असताना. आम्हालाही गळू सांगितलं, चिरलं, पू आला, आठ दिवसांत बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा. पुन्हा चिरलं. मग तिथे बारीक भोक राहिलं ते राहिलंच, सकाळी उशीवर चिकट डाग. मग एका ठिकाणी ऑपरेशन केलं, त्यांनी नुसती गाठ काढली, सात महिन्यांत परत आली. तेव्हा कुठे एका लहान मुलांच्या सर्जनने समजावलं की गाठीची मुळी वर जिभेपर्यंत जाते आणि ती जिभेखालच्या हाडाच्या मधल्या भागातून जाते, तो भाग तसाच ठेवला तर गाठ परत यायची शक्यता खूप असते. त्या ऑपरेशनचं नाव सिस्ट्रंक. ते झालं, आज पाच वर्षं झाली, काही नाही. पण तीन वेळा चिरल्यामुळे आतलं सगळं चिकटलं होतं म्हणून दीड तासाचं ऑपरेशन साडेतीन तास चाललं, आम्ही बाहेर बाकावर बसून होतो, ते साडेतीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्या दिवशी कुणी एक वाक्य सांगितलं असतं तर लेकीला चार वेळा भूल द्यावी लागली नसती.

शल्यमित्र | १२ जून, सकाळी ७:०५

सईओमची_आई, मी लहान मुलांचा सर्जन आहे. इथे बसून निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. आज सकाळी त्यांच्याकडेच जा.

कारण थोडक्यात सांगतो. आपली थायरॉइड ग्रंथी गळ्यात खाली असते, पण ती तयार होते जिभेच्या मुळाशी. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना ती तिथून खाली उतरायला लागते आणि सातव्या आठवड्यापर्यंत जागेवर पोचते. उतरताना तिच्यामागे एक बारीक नळी राहते, जशी गोगलगायीमागे ओली रेघ राहते तशी. ही नळी दहाव्या आठवड्याच्या आसपास विरून जाते. काही बाळांमध्ये तिचा तुकडा शिल्लक राहतो, त्यात हळूहळू पाणी साठतं, तीच ही गाठ. नळीचा वरचा भाग जिभेला धरलेला असतो म्हणून मूल जीभ बाहेर काढतं किंवा गिळतं तेव्हा गाठ वर सरकते. नळीचा तोंडाशी संबंध असल्याने सर्दी-घशाच्या वेळी जंतू आत शिरतात आणि ती सुजते. म्हणून पुष्कळ घरांत ही जन्मजात गाठ तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका तापानंतर पहिल्यांदा दिसते.

आणि ग्रहणाचं. ही नळी विरायची राहते ती गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. भाजी चिरण्याशी, नोकरीशी, तुम्ही काय खाल्लं याच्याशी काडीचा संबंध नाही. हे सासूबाईंना वाचून दाखवा, माझ्या नावावर सांगा.

बिब्बा अजिबात नको. गळ्याच्या नाजूक कातडीवर बिब्ब्याने भाजलेली मुलं मी बघितलीयत, तो डाग जन्मभर राहतो आणि गाठ आहे तिथेच राहते.

निशिगंध_०९ | १२ जून, सकाळी ९:३०

डॉक्टर, मग पू झाला असेल तर काढायचाच नाही का? फुटला तर?

शल्यमित्र | १२ जून, सकाळी १०:१०

चांगला प्रश्न. सुजलेली असेल तर आधी अँटिबायोटिक, पुष्कळ गाठी त्यावरच बसतात. पू खूपच साठला, मूल आजारी दिसतंय, तर सुईने ओढून काढतात, त्याने ताण कमी होतो आणि तो पू तपासायला पाठवता येतो. उघडी चीर देणं हा शेवटचा उपाय, कारण चिरलं की आतल्या अस्तराचे कण आजूबाजूला पसरतात आणि मग पुढच्या ऑपरेशनला कुठपर्यंत काढायचं हेच कळेनासं होतं. सूज पूर्ण उतरली की साधारण सहा आठवडे थांबून ठरवून ऑपरेशन करायचं.

पण मूल श्वास घेताना घरघर आवाज येत असेल, लाळ गिळता येत नसेल, मान वाकडी धरत असेल, ताप उतरत नसेल तर सहा आठवडे, सोनोग्राफी, हा धागा, सगळं बाजूला ठेवून तडक मोठ्या दवाखान्यात.

सईओमची_आई | १२ जून, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुसऱ्या डॉक्टरांकडेच गेलो. सोनोग्राफी झाली. रिपोर्टमधे लिहिलंय की मधोमध १.८ सेंटीमीटरची पाण्याची गाठ, आत गढूळ, हायॉइड हाडाला (ते जिभेखालचं हाड) लागून, आणि खाली थायरॉइडचे दोन्ही भाग जागेवर आणि नॉर्मल. डॉक्टर ही शेवटची ओळ वाचून फार खूश झाले, मला कळलं नाही का. अँटिबायोटिक चालू केलंय. सासूबाईंना तुमचा मेसेज वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण रात्री माझं ताट त्यांनी वाढून ठेवलं होतं.

हिरवा_चाफा | १२ जून, रात्री १०:४५

ती शेवटची ओळ का महत्त्वाची ते मी सांगते, आमच्या घरातलंच आहे. माझ्या बहिणीच्या मुलीला सात वर्षांची असताना अशीच मधोमध गाठ होती, ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. भूलतज्ज्ञांनी विचारलं सोनोग्राफी कुठाय, ती केलीच नव्हती. केली तर कळलं की गळ्यात खाली थायरॉइड नाहीच, ती जी गाठ आहे तीच तिची एकुलती एक थायरॉइड, अर्ध्या वाटेत अडकलेली. काढून टाकली असती तर पोरगी जन्मभर पूर्णपणे गोळीवर. रक्तात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) तपासलं ते वाढलेलं निघालं, म्हणजे ती अडकलेली ग्रंथी कशीबशी काम रेटत होती. थायरॉक्सिन म्हणजे थायरॉइडची गोळी सुरू केली, गाठ लहान झाली, ऑपरेशन रद्द. मुलगी अभ्यासात मागे पडत होती, सारखी थकायची, ते सगळं सुधारलं. गोळी तिलाही आहेच, पण वेळेवर कळलं. म्हणून मधोमध गाठ असली की थायरॉइड जागेवर आहे का हे कागदावर बघितल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका.

गोदाकाठ | १३ जून, दुपारी १:३०

आमचं वेगळं आहे पण इथेच लिहितो कारण आमचं एक वर्ष फुकट गेलं. मुलगी नऊ वर्षांची, मानेच्या उजव्या बाजूला जबड्याच्या कोपऱ्याखाली गाठ, मऊ, सर्दी झाली की फुगायची. आमच्याकडे बाजूची गाठ म्हटलं की गंडमाळ, म्हणजे टीबी. सुईने पाणी काढलं ते पिवळट दाट निघालं, टीबीचे जंतू काही दिसले नाहीत तरी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिने. पोरीला उलट्या, भूक मेली, वजन कमी, शाळेत कुणीतरी कळवलं आणि मैत्रिणी डबा खायला जवळ बसेनात, हे सगळ्यात वाईट. गाठ तेवढीच. शेवटी पुण्यात दाखवलं, सोनोग्राफी आणि एमआरआय, ती निघाली ब्रँकियल सिस्ट. काढली, संपलं. ती आता चौदा वर्षांची आहे, अजून कुणासमोर गोळी घेत नाही.

शल्यमित्र | १३ जून, रात्री ८:४०

गोदाकाठ, तुमच्या मुलीच्या वाट्याला जे आलं ते वाचून वाईट वाटलं, आणि हे आपल्याकडे घडतं हे मी नाकारणार नाही. गर्भात चौथ्या-पाचव्या आठवड्यात मानेच्या दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या कमानी आणि त्यांच्यामधे खाचा तयार होतात, त्यातून पुढे जबडा, कान, गळा घडतो. एखादी खाच पूर्ण बुजली नाही तर बाजूला गाठ राहते किंवा बारीक भोक. ब्रँकियल हा शब्दच मुळात कल्ल्यांवरून आलाय. यात दुसऱ्या कमानीच्या गाठी सगळ्यात जास्त. त्यातलं पाणी दाट, पिवळट, पुवासारखं दिसतं, त्यात कोलेस्टेरॉलचे चकचकीत कण असतात, म्हणून नुसत्या रंगावर जायचं नसतं.

पण इथे वाचणाऱ्यांनी उलटा अर्थ काढू नका. मानेच्या गाठींचा टीबी आपल्याकडे खरंच खूप आहे. ज्यांचं निदान सीबीनॅट तपासणीत (टीबीच्या जंतूंची तपासणी) किंवा बायोप्सीत पक्कं झालंय त्यांनी हा धागा वाचून गोळ्या बंद करायच्या नाहीत. विचारायचं एवढंच, की निदान कशावरून झालं. आणि औषध नीट घेऊनही गाठ तसूभर हलत नसेल तर परत तपासायला सांगा.

आणि सर्दीत बहुतेक मुलांच्या मानेत दोन्ही बाजूंना वाटाण्यासारख्या हलत्या गाठी लागतात, त्या लसग्रंथी, काही आठवड्यांत कमी होतात, त्यासाठी घाबरू नका. मात्र दगडासारखी कडक, भराभर वाढणारी, गळपट्टीच्या हाडाच्या वरची गाठ, सोबत वजन कमी होणं, रात्रीचा घाम, अशी गाठ लगेच दाखवायची.

चिंचेचं_बन | १४ जून, सकाळी ११:००

माझ्या लेकीला जन्मापासून मानेच्या खालच्या बाजूला, छातीच्या हाडाच्या थोडं वर, टाचणी टोचल्यासारखं भोक होतं. आम्ही म्हणायचो देवाने खूण केलीय. आठ-नऊ महिन्यांची झाली तेव्हा झबल्याच्या गळ्याला रोज लाळेसारखा ओला डाग दिसायला लागला आणि मला वाटायचं लाळच गळतेय. लसीकरणाच्या वेळी नर्सबाईंनी बघितलं, दाबलं तर थेंब आला. ते दुसऱ्या कमानीचं फिस्टुला निघालं, भोक मानेत खाली आणि दुसरं टोक थेट टॉन्सिलपाशी, मधून नळी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या दोन फांद्यांमधून वर जाते म्हणे. चित्र काढून दाखवलं तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. दीड वर्षाची झाल्यावर ऑपरेशन केलं, मानेवर शिडीच्या पायऱ्यांसारखे दोन छोटे छेद, वरचा घडीत लपलाय, दिसतही नाही.

आमच्या डॉक्टरांनी अजून एक केलं, मानेत जन्मापासून भोक होतं म्हणून कानाची श्रवण तपासणी आणि किडनीची सोनोग्राफी करून घेतली. काही कुटुंबांत मानेची भोकं, कानापुढची भोकं, कमी ऐकू येणं आणि किडनीचा दोष एकत्र चालत येतात. आमचं सगळं ठीक निघालं पण माझ्या दिरांना लहानपणापासून एका कानाने कमी ऐकू येतं, त्यांना आम्ही नुसतं ‘लक्ष नसतं याचं’ म्हणायचो. त्यांच्या कानापुढे पण भोक आहे. त्यांनाही तपासून घेतलं, आता मशीन लावतात.

ठाणेकर_मावशी | १४ जून, दुपारी ४:२०

कानापुढचं भोक तर माझ्या नातवाला आहे, माझ्या मुलाला पण होतं!! त्याला काही करायला लागतं का?

शल्यमित्र | १४ जून, संध्याकाळी ६:००

मावशी, नुसतं भोक आहे, पू-सूज कधी झाली नाही, ऐकू नीट येतं, तर काही करायचं नाही. दाबून बघायचं नाही, काडी घालायची नाही. वारंवार पिकायला लागलं तर मुळासकट काढावं लागतं. कानाच्या खाली किंवा जबड्याच्या कोपऱ्यात वेगळं भोक असेल आणि ते पिकत असेल तर ते पहिल्या कमानीचं असू शकतं, तिथे चेहऱ्याची नस अगदी जवळून जाते, ते काम अनुभवी हाताचंच.

कॅलिफोर्नियाचा_कऱ्हाडे | १५ जून, सकाळी ७:५०

भाच्याची केस लिहितो, कारण ही फार उशिरा कळते. वय ११, मानेच्या डाव्या बाजूला खाली, थायरॉइडपाशी, दोन वर्षांत तीन वेळा गळू. तिन्ही वेळा चिरलं. चौथ्या वेळी एका डॉक्टरांनी विचारलं, दर वेळी डावीकडेच का? बेरियम पाजून एक्सरे काढला, मग भूल देऊन दुर्बिणीने घशात बघितलं तर अन्ननलिकेच्या तोंडाशी पिरिफॉर्म म्हणून एक खळगा असतो त्यात भोक सापडलं. तिसऱ्या-चौथ्या कमानीचं होतं. बाहेरून न कापता आतूनच ते भोक जाळून बंद केलं, दुसऱ्या दिवशी घरी. तीन वर्षं झाली. लहान मुलाला डाव्या बाजूला खाली परत परत गळू होत असेल किंवा थायरॉइडमधेच पू झाला असेल तर हे डॉक्टरांना विचारा.

निशिगंध_०९ | १५ जून, रात्री १०:०५

भुवईच्या बाहेरच्या टोकाला वाटाण्याएवढी टणक गाठ, जन्मापासून, वाढते हळूहळू. हे पण यातच येतं का?

शल्यमित्र | १६ जून, सकाळी ७:१५

बहुतेक डर्मॉइड. चेहरा जुळताना त्वचेचा कण आत दबला की तो तिथेच वाढत राहतो, आत केस आणि तेलकट पांढरं साठतं. भुवईच्या टोकाची सहसा साधी असते, भुवईच्या रेषेत छेद घेऊन अख्खी काढतात. पण नाकाच्या दांडीवर किंवा भुवयांच्या मधोमध गाठ असेल, त्यावर खड्डा आणि खड्ड्यातून एखादा केस बाहेर आलेला असेल, तर एमआरआय केल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका, कारण ती कधीकधी कवटीच्या आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असते. घरी केस उपटायचा नाही.

पांझराकाठ | १७ जून, दुपारी २:३०

आमच्या बाळाला मानेच्या बाजूला मागे मोठी मऊ पिशवी होती जन्मतः, टॉर्च लावला की कंदिलासारखी लाल उजळायची. सिस्टिक हायग्रोमा, म्हणजे लसवाहिन्यांची जन्मजात पाण्याची गाठ. सगळे म्हणाले कापून टाका. आमच्या डॉक्टरांनी कापलं नाही, सुईने पाणी काढून आत ब्लिओमायसिन या गाठ आकसवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन, अशा चार खेपा. दर वेळी दोन दिवस ताप यायचा, आधी फुगायची, मग हळूहळू बसायची. आता तीन वर्षांचा आहे, नीट बघितलं तरच कळतं. सर्दी झाली की थोडी भरते.

सईओमची_आई | २९ जुलै, रात्री १०:३०

खूप दिवसांनी लिहितेय. सूज पूर्ण उतरली. आता गाठ परत बोराएवढी, दुखत नाही, जीभ बाहेर काढ म्हटलं की वर सरकते, त्याला खेळच झालाय, पाहुण्यांना करून दाखवतो. घरचे म्हणतायत आता बरं झालंय ना, मग कशाला कापायचं. माझंही मन डळमळतंय. साडेचार वर्षांच्या पोराला भूल, आणि वर हाड काढणार. हाड काढल्यावर तो गिळणार कसा, बोलणार कसा?

शल्यमित्र | ३० जुलै, सकाळी ७:००

एकदा पिकलेली गाठ पुन्हा पिकण्याची शक्यता बरीच असते, आणि दर वेळी पिकली की ऑपरेशन अवघड होत जातं. मोठेपणी त्यात क्वचित, साधारण शंभरात एखाद्याला, कॅन्सरही होतो. आत्ता, शांत असताना काढणं सगळ्यात सोपं.

हाडाचं सांगतो. हायॉइड हे घोड्याच्या नालासारखं हाड, आपण त्यातला फक्त मधला साधारण एक सेंटीमीटरचा तुकडा काढतो. स्नायू बाजूच्या भागांना धरून राहतात. गिळणं, बोलणं, गाणं यात फरक पडत नाही. मेयो क्लिनिकचे सर्जन सिस्ट्रंक यांनी १९२० साली ही पद्धत मांडली, शंभर वर्षांनंतरही हेच ऑपरेशन करतात कारण याहून चांगलं सापडलं नाही. नुसती गाठ काढली तर जवळपास निम्म्या मुलांत परत येते. हाडाचा मधला तुकडा आणि जिभेपर्यंतची मुळी काढली तर शंभरात चार-पाच जणांतच.

तुमच्या सर्जनना हे तीन प्रश्न विचारा: तुम्ही सिस्ट्रंकच करणार ना, लहान मुलांना भूल देणारे भूलतज्ज्ञ असतील ना, आणि गाठ पॅथॉलॉजीला पाठवणार ना. विचारल्याचा कुणी राग मानत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत बसतं का ते आधी बघा.

वारणाकाठ | ३० जुलै, सकाळी ८:३०

ताई, माझी लेक आता शाळेच्या समूहगीतात पहिल्या ओळीत उभी राहून गाते. एवढंच सांगतो.

सईओमची_आई | १८ ऑगस्ट, पहाटे ५:१०

दवाखान्यातून लिहितेय. काल ऑपरेशन झालं. रात्री बारानंतर जेवण बंद, पहाटे दोन घोट पाणी चालेल म्हणाले होते. सहाला उठून तो पोहे मागत होता, सासूबाईंनी त्याला मांडीवर घेऊन खिडकीतून गाड्या मोजायला लावल्या, साठ मोजल्या, तोवर बोलावणं आलं. आत नेताना माझा पदर धरला होता, तो सिस्टरनी हळूच सोडवला. सव्वा तास लागला. डॉक्टर बाहेर आले, डबीत दाखवलं, गाठ, वर जोडलेला हाडाचा चिमुकला तुकडा, आणि त्याच्यावर शेपटीसारखी मुळी. एवढ्याशा गोष्टीने आम्हाला दोन महिने झोपू दिलं नाही.

गळ्याला बारीक नळी लावलीय, आज काढणार. रात्रभर दर तासाला सिस्टर गळा फुगत नाही ना, श्वास नीट आहे ना बघून जात होत्या, पहिल्या रात्री आत रक्त साठू शकतं म्हणे म्हणून. मीही जागीच होते. आत्ता थंड दूध प्यायला, घोट गिळताना डोळे मिटून घेतले, पण प्यायला. आवाज थोडा घोगरा आहे.

हिरवा_चाफा | १८ ऑगस्ट, सकाळी ६:४०

डोळे भरून आले वाचताना. छान झालं. दोन-तीन दिवस मऊ भात, पेज, शिरा. दृष्ट काढा हो, त्याला काही हरकत नाही.

सईओमची_आई | ३१ ऑगस्ट, रात्री ९:४५

रिपोर्ट आला. थायरोग्लॉसल सिस्टच, आत थायरॉइडच्या थोड्या पेशी, वाईट काही नाही. टाके विरघळणारे होते. छेद गळ्याच्या घडीत आहे, लांबून कळत नाही. तीन महिन्यांनी आणि मग वर्षाने दाखवायचंय. शाळेत जायला लागला, पहिल्याच दिवशी बाईंना सांगून आला की माझं एक हाड डॉक्टरांकडे आहे.

अजून एक. काल शेजारची मुलगी बाळंत होऊन आली, तिच्या बाळाच्या कानापुढे भोक आहे आणि ती रडत होती की ग्रहणात सुई धरली होती. मी काही बोलायच्या आत सासूबाईच तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिला म्हणाल्या, अगं, हे दुसऱ्या महिन्यातच ठरतं, तुला तेव्हा माहीत तरी होतं का. आधी कानाची तपासणी करून घे.